खळ, डिंक आणि गोधडीचा टाका



गोधडीचं काम आपल्या बचत गटांत आता नव्या रूपानं आलंय. घरच्या जुन्या लुगड्यांची गोधडी आपण शिवतच होतो. आता गिऱ्हाइकासाठी नक्षीची दुपटी, उशांचे अभ्रे, पिशव्याही शिवतो. कापडाचं पान, फूल, मोर कापायचा, दुसऱ्या कापडावर मांडायचा आणि कडेनं टाके घालायचे. टाका पडेपर्यंत तो तुकडा जागचा हलू नये, म्हणून कुणी टाचण्या लावते, कुणी कच्चा दोरा घालते. आणि अलीकडं कुणीकुणी दुकानातून डिंकाची बाटली आणते. दुकानात तर रांगच असते. पांढरा डिंक, पारदर्शक डिंक, पिवळट वासाचा, नळीतला, कांडीचा. दुकानदाराला विचारावं तर तो म्हणतो, "ताई, हा घ्या, एकदम पक्का, जन्मात सुटायचा नाही."

इथंच थांबून विचार करायचा. आपल्याला जन्माचं चिकटवायचंय, की टाका पडेपर्यंतचं?

आणि गटात एखादी आजी असतेच, जी म्हणते, "गोधडीला डिंक? हे काय भलतंच! आमच्या वेळी नव्हतं असलं काही." आजींचा मान राखून सांगते, कापडाला चिकटवायची रीत सुईइतकी नसली तरी पुष्कळ जुनी आहे. आज तीच गोष्ट सांगणार आहे, कारण बाटली कोणती घ्यायची याचं उत्तर त्या गोष्टीतच सापडतं.

सुरुवात आपल्या खळीपासून करू. पीठ पाण्यात कालवून शिजवलं की होते ती खळ. पतंग चिकटवायला, वह्यांना कव्हरं घालायला आपण सगळ्यांनीच ती केली आहे. पण खळीचं मोठं काम होतं मागावर. हातमागावर ताणा लावण्याआधी विणकर सुताला खळ पाजतात, त्या कामाला पाजणी म्हणतात. नुसतं सूत मागावर घासून घासून पिंजारतं, तुटतं. खळ पाजली की धाग्याचे बारीक तंतू अंगासरशी बसतात आणि धागा कणखर होतो. कापड विणून झालं, पहिल्यांदा धुतलं, की खळ पाण्याबरोबर निघून जाते आणि कापड मऊ पडतं. म्हणजे खळ ही त्या कापडात मुक्कामाला आलेली नसते. काम झालं की जायचं, अशाच बोलीवर ती येते.

पिठाची खळ जगात सगळीकडं होती. रोममध्ये प्लिनी नावाचा एक लेखक होऊन गेला. व्हेसुव्हियस ज्वालामुखीचा स्फोट झाला, त्यात इसवी सन 79 मध्ये तो गेला. त्यानं लिहून ठेवलंय, की बारीक पीठ उकळत्या पाण्यात कालवायचं आणि त्यात थोडं व्हिनेगर टाकायचं. तो सांगत होता ते पपायरसचे कागद जोडण्याबद्दल, पण कृती आपलीच. उकळतं पाणी का, हेही समजून घेऊ. पिठात स्टार्चचे अगदी बारीक कण असतात. थंड पाण्यात ते तसेच राहतात, तळाशी बसतात. पाणी तापलं की ते फुगतात, फुटतात आणि पाण्याला धरून ठेवतात. म्हणून कच्च्या पिठाचं पाणी चिकटत नाही आणि शिजलेली खळ चिकटते. खळ पांढरट असेपर्यंत कच्ची, काचेसारखी झाक आली की झाली.

हे शिजवणं म्हणजेच निम्मी विद्या. पटत नसेल तर लंडनची गोष्ट ऐका. सोळाव्या शतकात तिथल्या श्रीमंतांच्या गळ्याभोवती पांढऱ्या कापडाच्या चुण्यांची मोठमोठी चाकं असायची. ती ताठ उभी राहायची स्टार्चच्या जोरावर. पण लंडनच्या बायकांना ते नीट जमत नव्हतं. 1564 मध्ये फ्लँडर्समधून, म्हणजे आजच्या बेल्जियमच्या भागातून, डिंगेन व्हान डर प्लासे नावाची बाई नवऱ्याबरोबर लंडनला आली आणि तिनं कापडाला खळ देण्याचा धंदा मांडला. मग लोक आपल्या मुलींना तिच्याकडं शिकायला पाठवू लागले. खळ कशी द्यायची हे शिकवायचे ती चार-पाच पौंड घ्यायची आणि खळ शिजवायची कशी, याचे वीस शिलिंग, म्हणजे आणखी एक पौंड, वेगळे! त्या काळी ही रक्कम मोठी होती. आपल्या गटात प्रशिक्षण द्यायला बोलावतात तेव्हा मानधन सांगायला आपण लाजतो. डिंगेनबाई लाजल्या नाहीत.

आता येऊ कापडावर कापड चिकटवण्याकडं. इथं आपला देश मध्ये येतो. दक्षिणेच्या पूर्व किनाऱ्यावर, कोरोमंडलच्या बाजूला, सुती कापडावर रंगीत वेलबुट्टी काढायचे. आपण ज्याला चीट म्हणतो ते. त्याचंच इंग्रजीत 'चिंट्झ' झालं. सतराव्या शतकात हे कापड युरोपात गेलं आणि तिथल्या बायका त्यावर लुब्ध झाल्या. धुतलं तरी रंग जात नाही, असं कापड त्यांनी पाहिलंच नव्हतं. मग तिथले लोकरीचे आणि रेशमाचे विणकर चिडले. फ्रान्सनं 1686 मध्ये बंदी घातली. इंग्लंडनं आधी आयातीवर आणि मग 1721 च्या कायद्यानं वापरावरच बंदी आणली. अंगावर घालायचं नाही, घरातल्या सामानसुमानातही वापरायचं नाही. कायदा होण्याआधी, 1719 मध्ये तर लंडनच्या रस्त्यांत विणकरांनी बायकांच्या अंगावरचं चिटाचं कापड फाडलं होतं. विणकरांच्या पोटावर पाय आला होता हे खरं. पण राग निघाला तो रस्त्यानं जाणाऱ्या बाईच्या लुगड्यावर, हे काही मला पटत नाही.

जे कापड महाग आणि मिळायला कठीण, त्याची चिंधीसुद्धा कुणी टाकत नाही. म्हणून तिकडच्या बायकांनी चिटातलं एकेक फूल, एकेक पक्षी कडेकडेनं कापून घेतला आणि पांढऱ्या साध्या कापडावर मांडून त्याची पांघरुणं केली. एक वार चिटात अख्खी रजई सजायची. कापलेलं फूल पातळ असतं, त्याच्या कडा सुटतात, सुई लावली की ते गोळा होतं. म्हणून आधी मागून पातळ खळ लावून ते जागेवर बसवायचं, वाळू द्यायचं आणि मग कडेनं काजाचा टाका घालायचा, अशी चाल होती. आपण आज मोराचा तुकडा डिंकानं बसवतो, ते काम हेच.

पुढं लंडनमध्ये 1872 साली भरतकामाची एक मोठी शाळा निघाली. तिनं 1880 मध्ये एक पुस्तक छापलं. त्यात भरतकामासाठीच्या खळीची कृती दिलेली आहे: साडेतीन चमचे पीठ, अर्ध्या पेनीच्या नाण्यावर मावेल एवढी राळेची पूड, अर्धा पिंट पाणी आणि एक चमचा लवंगेचा अर्क. ढवळत ढवळत उकळी आणायची आणि उकळी आल्यावर पाच मिनिटं शिजवायचं. राळ जास्त चिकटावं म्हणून. आणि लवंग? नुसती खळ दोन दिवसांत आंबते, तिला बुरा येतो. लवंगेनं ती टिकते. आपल्याकडं कागदाच्या लगद्याच्या पाट्या करताना मेथ्या वाटून घालतात आणि पुस्तकं बांधणारे खळीत मोरचूद घालतात. हाताशी जे असेल ते माणूस वापरतो. मात्र मोरचूद विषारी आहे. कापडाच्या, त्यातून लेकराच्या दुपट्याच्या खळीत तो कधीही घालायचा नाही.

खळीचा एक वाईट काळही सांगायला हवा. 1861 ते 1865 या वर्षांत अमेरिकेत यादवी युद्ध झालं आणि तिथला कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेना. मग आपल्याकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. खानदेश आणि वऱ्हाडच्या जुन्या माणसांच्या बोलण्यात तो काळ अजून येतो. पण आपला कापूस आखूड धाग्याचा. गिरणीत त्याचं सूत वारंवार तुटायचं. म्हणून गिरणीवाल्यांनी खळ वाढवली. पीठ महाग, म्हणून खळीत चिनी माती मिसळली. ओल टिकावी म्हणून क्षार घातले. आणि मग लक्षात आलं की मातीनं कापडाचं वजन वाढतं, म्हणजे माती कापडाच्या भावानं विकता येते! युद्ध संपलं तरी ही सवय गेली नाही. हिंदुस्थानात आणि चीनमध्ये ते कापड उतरलं की त्यावर बुरशीचे डाग दिसायचे, आणि पहिल्या धुण्यात माती गेली की हातात राहायचं जाळीदार कापड. तिकडं गिरणीतल्या विणकरांच्या नाकातोंडात ती माती उडत होती. त्यांनी तक्रार केली तेव्हा 1872 मध्ये टॉडमॉर्डन गावात सरकारी डॉक्टरनं जाऊन चौकशी केली.

आपल्याला यातून घ्यायचं ते एवढं. कोऱ्या कापडात आजही खळ असते. ते आधी रात्रभर पाण्यात भिजवा, धुवा, वाळवा आणि मगच कापा. नाहीतर गोधडीतलं एक कापड आटतं, दुसरं आटत नाही आणि सगळी नक्षी चुण्या पडून आखडते. ऑर्डर परत येते ती बहुतेक याच कारणानं. दोष मात्र टाक्याला दिला जातो.

खळीचा दुसरा दुर्गुण तुम्हाला माहीतच आहे. ती अन्न आहे. कसर, झुरळं, उंदीर, सगळ्यांना ती आवडते. खळ लावून शिवलेला तुकडा न धुता पेटीत ठेवला, तर पावसाळ्यानंतर त्याची चाळण झालेली दिसेल. म्हणून खळीनं बसवलेलं काम शिवून झालं की कोमट पाण्यातून काढायचंच. गडद रंगावर तर खळीचे पांढरे डाग उठतात, तिथं फार पातळ लावायची.

अर्थात चिकटवल्यावाचून गोधडी होत नाही असं मुळीच नाही. कर्नाटकात उत्तर कन्नड जिल्ह्यात सिद्दी लोक राहतात. त्यांचे पूर्वज आफ्रिकेतून आणलेले. त्यातले पुष्कळजण गोव्यातून तिकडं गेले. त्यांच्या बायका कवंद नावाची गोधडी शिवतात. त्या एका कोपऱ्यापासून सुरू करतात. तुकडा ठेवायचा, कड बोटानं आत दुमडायची, टाका घालायचा, पुढचा तुकडा. असं कडेकडेनं फिरत मधोमध पोहोचतात. कोपऱ्यांवर घडी घातलेल्या छोट्या तुकड्यांची फुलं लावतात. फुलं नसतील तर कवंद उघडी-नागडी दिसते, असं त्या मानतात. तिथं खळ नाही, टाचणी नाही. बोटंच टाचणीचं काम करतात. पण तशी बोटं तयार व्हायला वर्षं लागतात आणि गटात नव्यानं आलेल्या मुलीकडं ती नसतात. तिला डिंकाचा आधार दिला तर त्यात कमीपणा नाही.

आता बाटल्यांकडं वळू. पांढऱ्या डिंकाचं मूळ जर्मनीत आहे. 1912 मध्ये फ्रिट्झ क्लाट्टे या रसायनशास्त्रज्ञानं तो ज्यापासून होतो तो पदार्थ शोधला. आपल्याकडं तो घरोघरी पोहोचला फेविकॉलच्या रूपानं, 1959 पासून. तोवर सुतार सरस वापरत. जनावरांची हाडं आणि कातडी उकळून केलेला सरस चुलीवर वितळवायचा आणि गरम असतानाच लावायचा. वास असा की शेजारी भांडायला येतील. पांढरा डिंक आला आणि चूल सुटली. या डिंकात चिकट पदार्थ पाण्यात मिसळलेला असतो. पाणी उडून गेलं की तो घट्ट होतो. म्हणूनच इस्त्री फिरवली की लगेच वाळतो.

पण पांढरा म्हणजे सगळा सारखा, असं समजू नका. शाळेतल्या मुलांच्या हस्तकलेसाठीचा, 'धुतल्यावर निघतो' असं लिहिलेला डिंक वेगळा आणि लाकडाचा, पाण्याला दाद न देणारा डिंक वेगळा. दिसायला दोन्ही दूध. अमेरिकेत गोधड्या शिवणाऱ्या बायका मुलांचाच डिंक घेतात. बारीक टोकाच्या नळीनं ठिपका ठिपका ठेवतात, इस्त्रीनं वाळवतात, शिवतात आणि धुऊन टाकतात. म्हणजे त्यांनीही फिरून आपली खळच धरली, फक्त तिला कसर लागत नाही.

कांडीचा डिंकही याच जातीचा. तो 1969 मध्ये जर्मनीच्या हेंकेल कंपनीनं काढला. विमानात एक बाई ओठांना लिपस्टिक लावत होती, ते बघून कंपनीच्या माणसाला नळी फिरवून वर येणाऱ्या डिंकाची कल्पना सुचली, असं सांगतात. लहान तुकड्यांना ही कांडी फार सोयीची. हात भरत नाहीत, ओल पसरत नाही. पाण्यात सुटणारी आहे ना, एवढं बघून घ्यायचं.

कोणताही डिंक थोडाच लावायचा आणि कडेपासून जरा आत लावायचा. टाक्याच्या रेषेवर डिंक आला तर सुई जाताना अडते, मशीनची सुई चिकट होते आणि टाके सुटतात.

आता मला जे सांगायची सगळ्यात जास्त निकड वाटते, ते सांगते. ते उग्र वासाच्या पिवळट डिंकाबद्दल आहे. चपला, पर्स, रेक्झिनच्या पिशव्या यांना लावतात तो. हा पाण्यात कालवलेला नसतो, पेट्रोलसारख्या उडून जाणाऱ्या द्रवात विरघळवलेला असतो. वास येतो तो त्या द्रवाचा. तो हवेत जातो आणि हवेतून आपल्या आत.

जपानमध्ये 1950 नंतरच्या वर्षांत एका तऱ्हेच्या सँडलची फॅशन आली. ऑड्री हेपबर्न या नटीच्या नावावरून त्यांना 'हेप' सँडल म्हणत. त्या कारखान्यात कमी आणि घरोघरी जास्त बनायच्या. ठेकेदार माल आणून टाकायचा आणि बायका घराच्या एका खोलीत बसून तळवे चिकटवायच्या. पोरं तिथंच, जेवण तिथंच. थंडीत दारंखिडक्या बंद. त्या डिंकात बेंझीन होतं. बेंझीन हाडांच्या आतल्या मगजावर घाला घालतं, जिथं आपलं रक्त तयार होतं. बायका फिकट पडत गेल्या, रक्त थांबेना, काही दगावल्या. 1958 च्या सुमारास ओसाका आणि टोकियोत हे उघडकीला आलं आणि पुढच्याच वर्षी जपान सरकारनं 5 टक्क्यांहून जास्त बेंझीन असलेल्या डिंकावर बंदी घातली.

गोष्ट इथं संपायला हवी होती. पण डिंकवाल्यांनी बेंझीन काढलं आणि त्याच्या जागी हेक्झेन नावाचा दुसरा द्रव घातला. तो निर्धोक समजला जात होता. 1960 च्या दशकात मिए प्रांतात पुन्हा सँडल चिकटवणारी घरगुती कामगार माणसं दवाखान्यात येऊ लागली. या वेळी रक्त ठीक होतं. पण पायाला मुंग्या, हातापायांना बधिरपणा, मग चालताना पाय ओढणं. हेक्झेननं नसा मारल्या होत्या. घरी बसून काम करणाऱ्यांसाठी वेगळा कायदा जपाननं 1970 मध्ये केला, तोवर पुष्कळांनी किंमत मोजली होती.

त्या बायका आपल्यासारख्याच होत्या. घर सांभाळून चार पैसे मिळवत होत्या. ठेकेदारानं दिलेला डबा त्यांनी उघडला, त्यात काय आहे हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. आपणही पिशव्या आणि पर्सची ऑर्डर घेतो तेव्हा डिंक बहुधा ऑर्डर देणाराच धाडतो. तेव्हा विचारायचं. डब्यावर आगीची खूण आहे का, आत कोणता द्रव आहे, हे गटातल्या शिकलेल्या मुलीकडून वाचून घ्यायचं. गोधडीला, दुपट्याला, अभ्र्याला हा डिंक लागतच नाही, तो घरात आणूच नका. पर्सच्या तळाला लावावाच लागला तर ओसरीत किंवा अंगणात, वारा असेल तिथं लावा. चूल, गॅस, उदबत्ती जवळ नको, तो वाफेनंही पेट घेतो. गरोदर बाई आणि लेकरं त्या जागी नकोत. डोकं जड झालं की उठायचं, "एवढं संपवते आणि उठते" असं म्हणायचं नाही.

क्षणात चिकटणाऱ्या थेंबाच्या डिंकाबद्दल एकच. तो सुती कापडावर टाकू नका. सुतावर पडला की तो इतका झपाट्यानं घट्ट होतो की कापड तापतं, चटका बसतो, कधी धूर निघतो. मणी-टिकल्या बसवताना मांडीवर ओघळला तर चामडी भाजते.

मग बाटली आणायची कशी? आधी सगळ्यात लहान आणा. ज्या कापडाचं काम आहे त्याच्या दोन चिंध्या घ्या, एक फिकी, एक गडद. त्यांवर थेंब लावून चिंधीला चिंधी चिकटवा आणि रात्रभर वाळू द्या. सकाळी त्यातून सुई घालून बघा, अडते का. मग नेहमीच्या पाण्यात, नेहमीच्या साबणानं धुवा. चिंध्या सुटल्या, डाग राहिला नाही, कापड पहिल्यासारखं मऊ झालं, तर तो डिंक टाक्याच्या आधी लावायला चांगला. सुटल्या नाहीत आणि कापड कडक राहिलं, तर तो पिशवीच्या बंदाला, टिकल्यांना ठेवा. आणि त्या चिंधीवर पक्क्या शाईनं डिंकाचं नाव लिहून ती गटाच्या पेटीत टाका, म्हणजे पुढच्या खेपेला दुकानदाराला विचारावं लागणार नाही.